उतरलेले वजन आणि उरलेली त्वचा



गेल्या श्रावणातील गोष्ट आहे. सायंकाळी दवाखाना आवरण्याच्या वेळी इचलकरंजीच्या कापडपेठेतील एक तरुण व्यापारी भेटीस आला. त्याच्या वडिलांचा आणि माझा चाळीस वर्षांचा स्नेह, त्यामुळे हा मुलगा माझ्यासमोरच लहानाचा मोठा झाला आणि आजही मी त्यास एकेरीच हाक मारतो. त्याच्या संमतीने व ओळख पटू नये इतके तपशील बदलून त्याची हकीकत येथे देत आहे. कारण त्याने विचारलेला प्रश्न आपल्या अनेक घरांत आहे, फक्त तो उघडपणे विचारला जात नाही.

दोन वर्षांपूर्वी या मुलाचे वजन ११८ किलो होते. सकाळी दहापासून रात्रीपर्यंत गादीवर बैठक, जेवणाच्या वेळा गिऱ्हाइकाच्या सोयीने, आणि प्रत्येक व्यवहारासोबत चहा व फरसाण. वयाच्या ३७व्या वर्षी मधुमेहाचे निदान झाले. दुकानाच्या माळ्यावर जाताना धाप लागू लागली. तेव्हा त्याने मनावर घेतले. आहार बदलला, पहाटे चालणे सुरू केले, सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा घरचा नेम जो दुकानापायी मोडला होता तो पुन्हा धरला. दोन वर्षांत ४४ किलो वजन उतरले. काटा ७४वर आला, रक्तशर्करा औषधांविना आटोक्यात राहू लागली. मला वाटले, आभार मानावयास आला असेल.

त्याने दार लोटून घेतले आणि सदरा काढला. पोटाची कातडी सैल होऊन कमरेच्या खाली झोळासारखी उतरली होती. दंडाखाली, छातीवर, मांड्यांवर तीच अवस्था. तो खाली पाहत म्हणाला, "डॉक्टर, मी वर्षभर अभिषेकाला उभा राहिलो नाही. धोतर-दुपट्ट्यावर उघड्या अंगाने उभे राहावे लागते. जाड होतो तेव्हा लाज वाटली नाही, आता वाटते. आईला सांगितले, गुडघा दुखतो."

थोडे थांबून तो पुढे बोलला, "आणि पेठेत निराळीच चर्चा आहे. चेहरा उतरला, गळ्याची कातडी लोंबते, म्हणून लोक विचारतात, काय दुखणे आहे? सुताचा एक जुना व्यापारी तर तब्येतीची चौकशी करता करता उधारीची मुदतही विचारून गेला. कधी कधी वाटते, होतो तसाच बरा होतो."

हे शेवटचे वाक्य ऐकून मी खुर्ची पुढे ओढली. ज्या माणसाने स्वतःच्या कष्टाने मधुमेह मागे रेटला, त्याला आपला जुना देह बरा वाटू लागणे हा खरा धोका आहे. उतरलेले वजन पुन्हा चढण्यास अशी निराशा पुरेशी असते.

त्वचा सैल का होते?

आपल्या वाचकांपैकी अनेक जण कापडाच्या धंद्यातील आहेत. ताण देणारे कापड थोडे ओढून सोडले तर पूर्ववत होते. तेच वर्षानुवर्षे ताणून ठेवले तर त्याची ओढ मरते, हे त्यांस सांगावयास नको. त्वचेचे काही अंशी असेच आहे. त्वचेच्या आतल्या जाड थरात कोलॅजेन आणि इलास्टिन या दोन प्रथिनांचे तंतू असतात. कोलॅजेन बळकटी देते, इलास्टिन ताणल्यावर परत आणते. इलास्टिन बहुतांशी जन्माच्या सुमारास आणि बालपणात तयार होते. प्रौढ वयात ते नव्याने फारच थोडे बनते. दीर्घकाळच्या ताणाने हे तंतू विस्कटले व तुटले, की त्यांची जागा तितक्या चांगल्या तंतूंनी भरून निघत नाही.

परंतु कापडाची उपमा येथेच संपते, कारण त्वचा जिवंत आहे. सतत ताण पडला की ती नुसती ताणत नाही, वाढतेही. शल्यविशारदांनी या गुणाचा उपयोगही करून घेतला आहे. १९५७ साली अमेरिकेतील न्यूमन या शल्यचिकित्सकाने त्वचेखाली रबरी फुगा बसवून तो हळूहळू फुगवला आणि त्यातून निर्माण झालेली जादा त्वचा कानाच्या पुनर्रचनेसाठी वापरली. भाजलेल्या वा अपघातग्रस्त रुग्णांसाठी ही पद्धत आजही प्रचारात आहे. अनेक वर्षांच्या स्थूलतेत शरीराने नेमके हेच केलेले असते. आत भरलेल्या चरबीसाठी नवी त्वचा विणलेली असते. चरबी गेली तरी ती विणलेली त्वचा जात नाही.

म्हणून त्वचा किती सैल राहील हे मुख्यतः चार गोष्टींवर अवलंबून असते: किती वजन उतरले, किती वर्षे ते अंगावर होते, वय काय, आणि उपजत ठेवण कशी आहे. यात धूम्रपान व उन्हाने झालेली हानी यांची भर पडते. दहा-बारा किलो उतरवणाऱ्या पंचविशीतील तरुणाची त्वचा बहुधा आपोआप बसते. पंधरा वर्षांची स्थूलता उतरवून ४४ किलोंनी हलका झालेल्या माणसाची पूर्णपणे बसणे कठीण. यात त्याची काही चूक नाही, आणि त्याने काही चुकीचे खाल्ले वा व्यायाम चुकविला असाही याचा अर्थ नाही. हे मी त्या मुलास प्रथम सांगितले, कारण त्याने वर्षभर स्वतःलाच दोष दिला होता.

जे होत नाही, त्यावर पैसा घालवू नये

त्याने खिशातून तीन-चार मलमांची नावे लिहिलेला कागद काढला. महिन्याकाठी काही हजार रुपये त्यांवर जात होते. मलमाने त्वचा मऊ राहते, कोरडेपणाची खाज थांबते. परंतु लोंबणारी घडी मलमाने, तेलाच्या मालिशीने किंवा भरपूर पाणी प्याल्याने वर चढत नाही. विद्युतलहरी व ध्वनिलहरींच्या यंत्रांनी त्वचा घट्ट करण्याचे उपचार शहरांत केले जातात. किंचित सैलपणात त्यांचा थोडा उपयोग होतो. मोठ्या झोळापुढे ते अपुरे पडतात. व्यापारी माणसास एवढे पुरे. माल काय आहे आणि काय नाही, हे पाहूनच पैसे मोजावेत.

जे होते, त्यास वेळ द्यावा

पहिली गोष्ट म्हणजे काळ. वजन स्थिर झाल्यानंतर वर्ष-दीड वर्षापर्यंत त्वचा काही प्रमाणात आकसत राहते. या काळात वजन पुन्हा वर-खाली होऊ देणे हे तिच्यासाठी सर्वांत वाईट.

दुसरी गोष्ट स्नायू. केवळ कमी खाऊन वजन उतरविले तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि त्वचेखालची पोकळी अधिकच जाणवते. चालणे हृदयासाठी उत्तम आहे, पण दंड, छाती व मांड्या भरण्यासाठी ओझे उचलावे लागते. आपल्या भागात तालमींची परंपरा असताना जोर-बैठकांचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नसावी. आठवड्यातून दोन-तीन दिवस, जाणकाराच्या देखरेखीखाली, हळूहळू वाढवत नेलेला बळाचा व्यायाम दंड व मांड्यांवर स्पष्ट फरक दाखवतो. पोटावर मात्र तुलनेने कमी, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

तिसरी गोष्ट प्रथिने. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीस दररोज शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. ७४ किलोंच्या माणसास ती साधारण ६१ ग्रॅम होतात. कंदमुळे वर्ज्य, रात्रीचे भोजन नाही, अशा स्वयंपाकघरात हे जमेल का, असे त्याच्या पत्नीने विचारले. आम्ही कागदावर हिशेब मांडला. दिवसभरातील दीडशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीतून सुमारे १५, साठ ग्रॅम कोरड्या मूग वा तूर डाळीतून १४, अर्धा लिटर दुधातून १६, शंभर ग्रॅम पनीरमधून १८ आणि मूठभर शेंगदाण्यांतून ७. बेरीज ७० झाली. प्रश्न पदार्थांचा नव्हता, वाटणीचा होता. आमच्या घरांत सकाळी चहा-खाकरा आणि दुपारी पातळ वरणावर भागवले जाते. डाळ घट्ट असावी आणि ती दिवसाच्या दोन्ही जेवणांत असावी, एवढाच बदल पुरतो. शाकाहारी माणसाने ब-१२ जीवनसत्त्व व लोह यांची तपासणीही वर्षातून एकदा करून घ्यावी. मधुमेहाची औषधे चालू असताना दीर्घ उपवास धरावयाचा असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. औषधाची मात्रा बदलावी लागते.

लपविल्याने वाढणारे दुखणे

या निमित्ताने आणखी एक प्रसंग सांगतो. साठीकडे झुकलेल्या एका वहिनींनी स्थूलतेवरील शस्त्रक्रियेनंतर पन्नासहून अधिक किलो वजन उतरविले होते. पोटाच्या घडीखाली लाली, ओल व खाज सुरू झाली. कोणास दाखवावे याचा संकोच, म्हणून सुनेलाही न सांगता त्यांनी औषधाच्या दुकानातून एक मलम आणविले. दोन दिवस खाज थांबली, पुढे चट्टा वाढत गेला, त्वचा पातळ होऊन फाटली. सहा महिन्यांनी त्या आल्या तेव्हा चालताना वेदना होत होत्या. त्या मलमात बुरशीच्या औषधासोबत तीव्र स्टेरॉइड मिसळलेले होते. अशी मलमे स्वतःच्या मनाने लावल्याने बुरशीचा रोग दबतो आणि आतून पसरतो. आज आपल्या देशातील त्वचारोगतज्ज्ञांपुढील ही मोठी अडचण आहे.

घडीतील त्वचा एकमेकींवर घासते, घाम साचतो, हवा लागत नाही, आणि तेथे बुरशी व जंतू वाढतात. मधुमेह असल्यास अधिकच. काळजी सोपी आहे. दररोज सौम्य साबणाने धुवावे, घासून न पुसता मऊ पंचाने टिपून कोरडे करावे, घडीत स्वच्छ मलमलीची पट्टी ठेवून ती ओली झाली की बदलावी, सुती कपडे वापरावेत. बाहेर फिरताना वा व्यायामाच्या वेळी अंगाबरोबर बसणारे घट्ट बनियन वापरले तर घर्षण कमी होते. लाली चार-आठ दिवसांत न ओसरल्यास तज्ज्ञास दाखवावे. ताप, पू, झपाट्याने पसरणारी लाली किंवा जखम दिसल्यास एक दिवसही थांबू नये. आणि घरातील सुनांना-लेकींना माझी विनंती, घरातील वडीलधारी स्त्री एकाएकी सैल पातळ नेसू लागली, चालणे टाळू लागली, तर तिला एकांतात, हलक्या आवाजात विचारावे.

शस्त्रक्रिया: कोणास, केव्हा?

मोठ्या प्रमाणातील सैल त्वचा घालविण्याचा खात्रीचा मार्ग शस्त्रक्रिया हाच आहे. पोटाच्या शस्त्रक्रियेचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात केवळ लोंबणारी घडी काढून टाकतात. तिचा हेतू मुख्यतः घर्षण व जंतुसंसर्ग थांबविण्याचा असतो. दुसरीत त्यासोबत पोटाचे सैलावलेले स्नायूही आवळतात आणि बेंबी नव्या जागी बसवितात. दोन्हींत ओटीपोटावर एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत व्रण राहतो. तो फिकट होतो, पुसला जात नाही. झोळ जातो आणि रेघ राहते, असा हा व्यवहार आहे; तो मान्य असेल तरच पुढे जावे.

त्यापूर्वी वजन किमान सहा महिने स्थिर असावे. स्थूलतेवरील शस्त्रक्रिया झालेली असल्यास साधारणतः वर्ष-दीड वर्ष थांबतात. प्रथिने, हिमोग्लोबिन व रक्तशर्करा चांगल्या पातळीवर हवीत, नाहीतर जखम भरत नाही. विडी-सिगारेट व तंबाखू किमान चार आठवडे आधी पूर्ण बंद. मूल होऊ द्यावयाचे असेल तर स्त्रियांनी ही शस्त्रक्रिया नंतर करावी, कारण गर्भारपणात पोट पुन्हा ताणले जाते. ही किरकोळ शस्त्रक्रिया नव्हे. पूर्ण भूल द्यावी लागते. जखमेत पाणी साचणे, कडा उशिरा भरणे, जंतुसंसर्ग आणि क्वचित पायांतील शिरांत रक्ताची गाठ होणे हे धोके असतात. काही दिवस नळी, काही आठवडे पोटाला पट्टा, आणि सुमारे सहा आठवडे जड ओझे उचलण्यास मनाई. गठ्ठे उचलणाऱ्या दुकानदाराने सणासुदीच्या तोंडावर तारीख घेऊ नये, हे ओघानेच आले.

खर्चाविषयी एक सूचना. आरोग्यविमा केवळ रूपासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च देत नाही. अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना वा वैद्यकीय निकड सिद्ध होत असेल तरच विचार होतो. वारंवार होणाऱ्या संसर्गाची कागदपत्रे, छायाचित्रे व डॉक्टरांचे अभिप्राय जपून ठेवावेत आणि शस्त्रक्रियेपूर्वी विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर प्लास्टिक सर्जरीत रीतसर पदवी घेतलेले आहेत ना, आणि रुग्णालयात अतिदक्षतेची सोय आहे ना, हे विचारण्यात संकोच नसावा. आपण सुताचा लॉट घेतानाही नमुना पाहतो.

पुढे काय झाले

त्या वहिनींची घडी काढण्याची शस्त्रक्रिया संसर्ग पूर्ण बरा झाल्यावर व शर्करा नियंत्रणात आल्यावर पुण्यात झाली. जखमेची एक बाजू भरण्यास महिना अधिक लागला. आज त्या रोज सकाळी चालत मंदिरात जातात.

आमच्या तरुण व्यापाऱ्याने मात्र शस्त्रक्रिया तूर्त नको असे ठरविले. त्याला संसर्ग नव्हता, वेदना नव्हती. मी त्यास दोन कामे दिली. पहिले, वर्षभर बळाचा व्यायाम व घट्ट डाळ. दुसरे काम त्यास अधिक कठीण वाटले: पेठेत कोणी तब्येत विचारली की नजर न चुकविता आकडे सांगावयाचे. "मधुमेह होता, ४४ किलो उतरविले, आता गोळी नाही." ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या 'डायरेक्ट' या अभ्यासात, मधुमेह होऊन सहा वर्षे उलटलेली नाहीत अशा रुग्णांपैकी ज्यांनी १५ किलो वा अधिक वजन उतरविले, त्यांच्यातील ८६ टक्के लोकांचा मधुमेह वर्षाअखेर औषधांविना शमलेला होता. त्याने जे मिळविले ते याच जातीचे आहे, आणि ते लपविण्याचे काही कारण नव्हते. लपविल्यानेच अफवेस जागा मिळाली होती.

पंधरा दिवसांनी तोच सुताचा व्यापारी स्वतःच्या मुलाचा आहार विचारण्यास त्याच्या दुकानी आला, असे त्याने मला फोनवर हसत सांगितले.

वर्ष उलटले. दंड भरले, गळा बराच सावरला, पोटाचा झोळ थोडा आकसला, बाकी आहे तसा आहे. त्याने तो घालविण्याचा विचार सोडलेला नाही. पुढील वर्षी मुलीच्या दहावीनंतर पाहू म्हणतो, आणि त्यात काही गैर नाही. पण अभिषेकाविषयी त्याने आईस खरे कारण सांगितले. त्या माउलीने ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "अरे, तुझ्या जन्मानंतर माझं पोट असंच झालं होतं. त्याची मी कधी लाज धरली नाही."

गेल्या अष्टमीस मी मंदिरात गेलो तेव्हा तो कलश घेऊन रांगेत उभा होता. दुपट्टा खांद्यावरून नीट आवरलेला, पोटाची घडी धोतराच्या निऱ्यांवर स्पष्ट दिसत होती. शेजारच्या माणसाने कलश भरून दिला आणि तो पुढे सरकला.

आपल्या घरात असे कोणी असेल, तर त्याच्या अंगाकडे पाहून काही बोलण्यापूर्वी त्याने किती किलो आणि कोणता आजार मागे टाकला आहे, हे विचारून घ्यावे.